शहर बांधायचे गेम: कुठला घ्यावा, आणि पहिलं शहर बुडू नये म्हणून काय करावं

सिटी-बिल्डर गेममध्ये पैसे संपून बुडणारी शहरं थोडी, घाईने बुडणारीच जास्त. आज रंगवलेल्या झोनचा (घरं, दुकानं किंवा कारखान्यांसाठी राखलेल्या जागेचा) परिणाम दिसायला बराच वेळ जातो, आणि तोवर त्याच चुकीवर आणखी तीन मजले चढलेले असतात. ही उधारी प्रत्येक गेममध्ये वेगळ्या खात्यात साठते: ‘सिटीज: स्कायलाइन्स’मध्ये रस्त्यांवर, ‘बॅनिश्ड’मध्ये लोकांच्या वयात, ‘ॲनो १८००’मध्ये मनुष्यबळात, ‘फ्रॉस्टपंक’मध्ये कोळशाच्या ढिगात. ते खातं कुठलं हे आधी ओळखलं की निम्मा खेळ हातात आला.

आधी मशीन बघा

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ दिसायला देखणा आहे, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. २०१५ चा पहिला भाग साध्या ग्राफिक्स कार्डावर ८ जीबी रॅममध्ये चालतो. वर्कशॉपमधून (स्टीमवरचं, खेळाडूंनी बनवलेल्या वस्तूंचं दालन) शे-दोनशे इमारती उतरवायच्या असतील तर १६ जीबी हवी, कारण शहर उघडताना त्या सगळ्या रॅममध्ये जाऊन बसतात. जुना ऑफिसचा लॅपटॉप असेल तर २००३ चा ‘सिमसिटी ४’ अजूनही उत्तम. तो प्रोसेसरच्या एकापेक्षा जास्त कोअरवर अधूनमधून बंद पडतो, म्हणून त्याला एकाच कोअरवर चालवायची सेटिंग करून घ्या. फोनवर खेळायचं असेल तर ‘थिओटाउन’ किंवा ‘पॉकेट सिटी’. आणि डोक्याला काहीच ताप नको, नुसती रंगीत घरं रचायची असतील तर ‘टाउनस्केपर’: त्यात ना पैसा, ना ध्येय, ना हरणं.

नवख्याने सुरुवात कुठून करावी, तर ‘स्कायलाइन्स’च्या पहिल्या भागापासून. मूळ गेम पुरेसा आहे. जोडीचे डीएलसी (वेगळे घ्यायचे जादा भाग) नंतर, गरज पडली तर.

स्कायलाइन्स: पहिले ७०,०००

फिनलंडमधल्या टँपेरे शहरातल्या कलोसल ऑर्डर या छोट्या स्टुडिओचा हा गेम. शहर सुरू करतानाच डाव्या बाजूच्या वाहतुकीचा पर्याय दिसतो. आपल्या सवयीप्रमाणे गाड्या डावीकडून हव्या असतील तर तो तेव्हाच निवडा.

सुरुवातीला हातात गेमच्या चलनातले ७०,००० असतात. घड्याळ पॉज ठेवा आणि आधी पाणी बघा. नदीच्या काठावर पंप ठेवायला गेलात की प्रवाहाचे बाण दिसतात. पंप वरच्या अंगाला, सांडपाण्याची नळी खालच्या अंगाला, आणि दोन्हींत भरपूर अंतर. प्रत्येकी २,५०० लागतात. हे उलटं झालं की काही वेळाने सगळं शहर एकदम आजारी पडतं आणि खेळाडू दवाखान्यांवर दवाखाने बांधत बसतो. दुसरी फसगत अशी की संथ पाण्यात पंप नळीजवळ असला तर त्याच्या ओढीने प्रवाहच उलटा फिरतो. बाण बरोबर असूनही पाणी तपकिरी दिसायला लागलं तर कारण हेच.

विजेसाठी एक पवनचक्की, ६,०००. वाऱ्याचा नकाशा चालू करून जिथे वारा जास्त तिथे ठेवा, पण घरांना चिकटून नको. पवनचक्कीचा आवाज होतो आणि त्याने माणसं आजारी पडतात. कोळशाचं केंद्र १९,००० चं, त्यात दर आठवड्याचा खर्चही जड, म्हणून ते पहिल्या तासाला नको. पंप आणि नळी दोघांनाही वीज लागते, तार ओढायला विसरू नका.

मग रस्ते. झोन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार चौकोन खोल जातो आणि साधा दोन लेनचा रस्ता दोन चौकोन रुंद असतो. म्हणजे दोन समांतर रस्त्यांच्या मध्यरेषांत दहा चौकोनांचं अंतर ठेवलं की मधली जागा पूर्ण भरते, वाया जात नाही. एवढं एक गणित पाठ असलं तरी शहर नीटनेटकं दिसतं.

कोंडी कुठून येते

या गेमचा खरा विषय वाहतूक. दहातली नऊ नवखी शहरं एकाच ठिकाणी घुसमटतात: महामार्गाचा रॅम्प जिथे उतरतो त्याच पहिल्या रस्त्यावर. तिथे दुतर्फा दुकानं, दर पाच-सहा चौकोनांवर गल्ली, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाड्या थांबलेल्या. हा रस्ता रिकामा ठेवायचा. रॅम्पपासून पहिल्या चौकापर्यंत लांब, मोकळा पट्टा आणि त्याला एकही झोन नाही. पुढे मोठ्या रस्त्याला मधले रस्ते, मधल्यांना गल्ल्या. गल्ली थेट मोठ्या रस्त्याला जोडायची नाही, हा नियम कितीही मोह झाला तरी मोडू नका.

इथे गाड्यांचं डोकं कसं चालतं ते कळलं पाहिजे. गाडी निघतानाच पूर्ण वाट ठरवते, अंतर आणि वेगमर्यादा बघून. पुढे कोंडी आहे का हे ती बघत नाही. पुढे जिकडे वळायचं त्या बाजूची लेनही बरीच आधी धरते. म्हणून सहा लेनच्या रस्त्यावर पाच लेन मोकळ्या आणि एका लेनमध्ये दोन किलोमीटरची रांग, हे दृश्य दिसतं. अशा वेळी आणखी लेन वाढवून काहीही होत नाही. सगळे जिकडे वळताहेत तिकडे जायला दुसरी वाट द्यावी लागते.

ती कुठली, हे गेमच सांगतो. वाहतुकीच्या माहिती-नकाशात मार्गांचं साधन आहे (२०१७ पासून मूळ गेममध्येच आलं). तुंबलेल्या रस्त्यावर क्लिक केलं की तिथून जाणारी प्रत्येक गाडी कुठून कुठे चालली आहे त्या रेषा प्रकारानुसार वेगवेगळ्या रंगांत उमटतात. बहुतेक वेळा ट्रक निघतात: कारखान्यातून निघून, शहराच्या पोटातून, महामार्गाकडे. उपाय सोपा. औद्योगिक भागाला महामार्गाचा स्वतःचा, वेगळा रॅम्प द्या; निम्मा रस्ता तिथेच मोकळा होतो. पुढे मालगाडीचं स्थानक आलं की ते उद्योगाजवळ ठेवा, पण त्याच्या दारातही मोकळा रस्ता लागतो, नाहीतर कोंडी फक्त जागा बदलते.

त्याच साधनात चौकांचे सिग्नल बंद करायची सोय आहे. मोठ्या रस्त्याला बारीक रस्ता मिळतो तिथे गेम आपणहून सिग्नल लावतो आणि दोन गाड्यांसाठी पन्नास गाड्या खोळंबतात. तो काढा, बारीक रस्त्याला थांबण्याची पाटी द्या. वर्दळीच्या चौकाला सर्कल चांगलं: एकेरी रस्त्याचं वर्तुळ, आत येणाऱ्या वाटांवर सिग्नल नाही. वाहतूक डावीकडून असेल तर वर्तुळाची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. वर्तुळ फार लहान केलं तर गाड्यांना लेन बदलायला जागाच उरत नाही.

‘ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन’ हा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोडणी) लेनवार नियंत्रण देतो, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या शहरात घ्या. आधीच घेतला की चुकीचा रस्ता नियमांनी दुरुस्त करायची सवय लागते.

मृत्यूची लाट

घरांच्या मागणीची हिरवी पट्टी वर गेली की नवखा माणूस एकदम वीस गल्ल्या हिरव्या रंगवतो. घरं भरतात, पैसा येतो, सगळं छान. पण त्या घरांत आलेले सगळे जवळपास एकाच वयाचे असतात. ते एकत्र म्हातारे होतात आणि एकत्र मरतात. शववाहिका कमी, त्यातल्या निम्म्या कोंडीत अडकलेल्या, मग घराघरांवर कवटीची खूण आणि एकामागून एक ओस पडलेल्या इमारती. स्मशानं वाढवून लाट थोडी ओसरते, पण खरा इलाज आधीचा: एका वेळी एक-दोन गल्ल्याच रंगवा, त्या भरल्या की पुढच्या. हात आवरणं हाच या गेममधला सर्वांत कठीण भाग.

‘विकायला माल नाही’ अशी खूण दुकानांवर दिसली तर लगेच नवे कारखाने टाकू नका. आधी ट्रक पोचताहेत का ते बघा. करांची सुरुवात ९ टक्क्यांनी होते; दोन-तीन टक्के हळूहळू वाढवले तर फारशी कुरबुर होत नाही.

दुसऱ्या भागात एक फरक लक्षात ठेवा: तिथे हवेचं प्रदूषण वाऱ्याबरोबर वाहतं, म्हणून वारा जिकडून घरांकडे येतो त्या बाजूला कारखाने नकोत. पहिल्या भागात वाऱ्याचा प्रदूषणाशी संबंध नाही, फक्त जमीन खराब होते आणि आवाज होतो.

स्कायलाइन्स जमल्यावर

‘ॲनो १८००’ (२०१९) हिशेबी माणसाचा गेम. त्यात उत्पादनाच्या साखळ्या असतात आणि प्रत्येक इमारतीला ठरलेले सेकंद. गव्हाच्या शेताला ६०, पिठाच्या गिरणीला ३०, बेकरीला ६०. म्हणून दोन शेतं, एक गिरणी, दोन बेकऱ्या. मातीची खाण ३०, वीटभट्टी ६०; म्हणून एका खाणीला दोन भट्ट्या. कपड्यांना मेंढ्यांचं एक शेत आणि एक विणकरखाना पुरतो. प्रमाण बरोबर असूनही माल अडकला तर गोदामाच्या दारात गाड्यांची रांग लागली आहे का बघा. गोदाम वाढवा किंवा जवळच दुसरं बांधा. नेहमीची चूक म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांना बढती देऊन कामगार करणं. प्रत्येक वर्गाचं मनुष्यबळ वेगळं मोजलं जातं. शेतकरी उरले नाहीत की मेंढ्यांची शेतं बंद, कपडे बंद, आणि मग ज्यांना बढती दिली तेच नाराज. दहा घरं वर चढवायची तर शेतकऱ्यांची नवी घरं आधी बांधा.

‘बॅनिश्ड’ (२०१४) एकट्या माणसाने बनवलेला, लहान आणि निर्दय. माणशी वर्षाला साधारण १०० अन्न लागतं. हिवाळ्याआधी कोठारात तेवढं नसेल तर नवं घर नाही. तरुण जोडप्याला रिकामं घर मिळालं तरच मुलं होतात. घरं बांधायची थांबवलीत तर गाव हळूहळू म्हातारं होऊन संपतं. एकदम दहा बांधलीत तर आधी मुलांची खोगीरभरती आणि नंतर स्कायलाइन्ससारखीच मृत्यूची लाट. वर्षाला एक-दोन घरं ही सुरक्षित चाल. जंगलात एकाच वर्तुळात वनपाल, कंदमुळं गोळा करणाऱ्यांची झोपडी आणि शिकारी बसवा, सरपणवाला शेजारी. लोहाराला विसरू नका. अवजारं संपली की सगळीच कामं एकदम मंदावतात.

‘फ्रॉस्टपंक’ (२०१८) पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा. पहिल्या मोहिमेत ८० माणसं, उणे २० अंश आणि मधोमध एक जनरेटर. पहिल्या सकाळी सगळ्यांना कोळसा, लाकूड, पोलादाच्या ढिगांवर पाठवा. तंबूत दहा माणसं मावतात, म्हणजे आठ तंबू हवेत. पाच अभियंते बसवून कार्यशाळा लवकर सुरू करा, कारण संशोधन मागे पडलं की पुढची थंडी गाठते. वरच्या पट्टीत तापमानाचा अंदाज दिसतो. पारा उतरायच्या दोन दिवस आधी कोळसा साठलेला नसेल तर त्या दिवशी दुसरं काही बांधू नका.

बुडायला लागलंच तर

पॉज करा. ज्या इमारतीवर सर्वांत आधी खूण आली ती शोधा, सर्वांत जास्त खुणा आहेत तो भाग नव्हे. पाणी, वीज, रस्ता, माल या क्रमाने तपासा. नवं काही बांधायच्या आधी शहर वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि मग एका वेळी एकच बदल करून खेळातले काही आठवडे जाऊ द्या. आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नका. ती जुन्या प्रतीवरच नवी लिहिते, आणि लाट सुरू झाल्यानंतरची प्रत काहीच कामाची नसते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हाताने सेव्ह करून नावात लोकसंख्या लिहा: ‘नदीकाठ ४२००’, ‘नदीकाठ ६८००’. कुठल्या आकड्याला शहर ठीक होतं हे त्या नावांवरूनच कळतं.