आधी चोक, मग कंट्रोलर: गाडीवरच्या स्क्रूड्रायव्हर अँटेनाची तयारी

हॅम रेडिओसाठी गाडीवर स्क्रूड्रायव्हर अँटेना, म्हणजे मोटरने कॉइल वर-खाली करून फ्रिक्वेन्सी जुळवणारा अँटेना, लावायचाय? मग फेराईट बीड्स (तारेवर बसणारे फेराईटचे मणी) घरात आल्याशिवाय गाडीला पाना लावू नका. मागच्या वेळी माझ्या यादीत अँटेना होता, कंट्रोलर (मोटर फिरवून कॉइल हव्या जागी नेणारा डबा) होता, थिंबल, टेप, टॉर्चसुद्धा होता. चोक, म्हणजे त्या बीड्समधून तारा गुंडाळून केलेला रेडिओ लहरींचा अडथळा, तेवढा नव्हता. मग चाळीस मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) माईकचं बटण दाबलं की कंट्रोलरवरचे आकडे आपोआप पळायचे, साठवलेली जागा हरवायची आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळलाय त्याचं माप, एकास एक म्हणजे पूर्ण जुळलेला) कुठेच थांबायचा नाही. कंट्रोलर बिघडलेला आलाय म्हणून मी तो परत पाठवायला निघालो होतो. कंट्रोलर ठणठणीत होता.

हे असं का होतं ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे चोक टाळायची इच्छा होणार नाही. या अँटेनाची मोटर खालच्या नळीत बसलेली असते. ती स्क्रू फिरवते आणि कॉइल नळीतून वर येते. जितकी कॉइल बाहेर, तितकी फ्रिक्वेन्सी खाली. पण खालची नळी हा नुसता खांब नव्हे, तोही अँटेनाच आहे आणि त्यात आरएफ (ट्रान्समिटची रेडिओ ऊर्जा) खेळत असतं. त्याच नळीतून चार तारा बाहेर येतात: दोन मोटरच्या, दोन रीड स्विचच्या. चोक नसेल तर आरएफ या तारा धरून थेट गाडीत शिरतं. रीड स्विचजवळून मोटरचं चुंबक गेलं की एक पल्स मिळतो आणि कंट्रोलर तो मोजून कॉइल कुठे आहे ते ठरवतो. तारेत आरएफ आलं की तो खोटे पल्सही मोजतो. त्या बिचाऱ्याला खरं-खोटं कसं कळणार?

चोक म्हणजे काहीही चालत नाही. संगणकाच्या केबलवरचं क्लिपचं बीड लावून एकदा तार आरपार घातली, झालं, असं होत नाही. एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ३१ नंबरच्या मिश्रणाचं, मोठ्या भोकाचं, उघडझाप होणारं बीड घ्या आणि चारही तारा एकत्र धरून त्यातून आठ-दहा वेढे काढा. वेढे दुप्पट केले तर अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून बीड वाढवण्याआधी वेढे वाढवा. तार जाड असेल तर इतके वेढे मावत नाहीत, तेव्हा कंट्रोल केबल बारीक घ्या. सोलापुरात हे बीड मिळेलच असा भरवसा धरू नका. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाईन, जिथून मिळेल तिथून आधी मागवा. आधी म्हणजे आधी.

जागा? अँटेनाच्या बुडाशी, जमेल तितकं जवळ. डॅशबोर्डखाली कंट्रोलरजवळ लावलेला चोक उशिरा येतो, तोवर आरएफ अख्ख्या गाडीतून फिरून आलेलं असतं. वायरमन कुरकुर करेल. माझा म्हणाला, "मालक, कशाला गुंडाळायलाय एवढं? सरळ जाऊ द्या की तार." त्याला चहा पाजा, पण वेढे सोडू नका.

बाकीचं सामान. रिग, म्हणजे रेडिओ सेट, १०० वॉटचा असेल तर ट्रान्समिटला वीस-बावीस अँपिअर ओढतो, त्यामुळे लायटरच्या सॉकेटचा विचारच नको. जाड तार थेट बॅटरीपासून, बॅटरीजवळच फ्यूज, आणि इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी). नव्या गाड्यांत निगेटिव्ह टोकावर बॅटरी सेन्सर असतो. तिथे रिगची निगेटिव्ह टोकाला न लावता बॅटरीची अर्थ तार चॅसीला जिथे लागते तिथे जोडा. कंट्रोलरला वेगळा छोटा फ्यूज, पुस्तकात लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा.

चुंबकाचा माउंट नको. एवढा जड अँटेना तुळजापूर रोडच्या वाऱ्यात टिकायचा नाही, आणि पत्र्याशी धातूचा संपर्क नसल्यामुळे ग्राउंडही धड मिळत नाही. बंपरमागे चॅसीला बोल्ट मारा. तिथला रंग खरवडा, स्टार वॉशर घाला, वरून व्हॅसलीन फासा. बॉनेट, डिकीचं झाकण आणि सायलेन्सरचा पाईप तांब्याच्या विणलेल्या रुंद पट्टीने बॉडीला बांधून घ्या. बिजागरीवर विश्वास ठेवू नका. बिजागरी यांत्रिक आहे, आरएफला ती दिसतही नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. पहिल्यांदा लावल्यावर चाळीस मीटरवर एसडब्ल्यूआर आपोआप एकास एक आला तर पेढे वाटू नका. चांगल्या बांधलेल्या अशा अँटेनाचा इम्पिडन्स (आरएफला होणारा विरोध) तिथे पन्नास ओहमच्या बराच खाली असतो, म्हणजे न जुळवता एसडब्ल्यूआर दोनच्या आसपास यायला हवा. तो बुडाशी साधारण एक मायक्रोहेन्रीची छोटी शंट कॉइल (बुडापासून ग्राउंडला जोडलेली) लावून खाली आणायचा असतो. फुकटात एकास एक मिळाला तर उरलेले ओहम जमिनीत किंवा सैल सांध्यांत जळतायत असं समजा, आणि पट्ट्या परत तपासा.

मग चोकची परीक्षा. हो, परत चोक. सगळं जोडून ७.१०० वर डिप, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात खाली येतो ती जागा, शोधा. अँटेनाच्या बुडाशी कंट्रोल केबलचा कनेक्टर उपसा आणि पुन्हा डिप पाहा. हलला नाही तर पास. सरकला तर वेढे कमी पडले. ही परीक्षा पास झाल्याशिवाय कंट्रोलरमध्ये एकही मेमरी (कॉइलची साठवलेली जागा) भरू नका, कारण नंतर वेढे वाढवले की सगळ्या जागा सरकतात आणि मेमरी पुन्हा भरत बसावं लागतं.

मेमरी भरण्याआधी कॉइल पूर्ण खाली नेऊन शून्य करा. वरचं बटण दाबल्यावर ती खाली गेली तर मोटरच्या दोन तारा उलट करा. टोकाला पोचल्यावर पल्स थांबतात आणि कंट्रोलर मोटर बंद करतो. कॉइल टोकाला न पोचताच, सुरू झाल्याझाल्या तो मोटर बंद करतो असं दिसलं तर रीड स्विचची तार निसटलीय का ते पाहा. चाळीस मीटरचा आपला पट्टा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, पण अँटेनाची रुंदी त्यापेक्षा खूपच कमी. ७.०५० ची जागा ७.१५० ला चालत नाही. एका बँडला एक मेमरी म्हणजे आळस. चाळीसला निदान तीन-चार भरा.

कुठे उभं राहायचं? एमआयडीसीत नको, लूमच्या मोटारींच्या गोंगाटात डिप दिसेल पण कानाला काही ऐकू येणार नाही. होटगी-फताटेवाडीकडे नको, तिथे एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आणि त्यांच्या हाय टेन्शन लाईन्स आहेत. सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाईनने ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडशी जुळलं. देशाचं भलं झालं, पण अशा लाईनखाली उभं राहून रिसीव्हरचं होत नाही. बार्शी रोडला नान्नजकडचा माळ शांत आहे. माळढोकच्या अभयारण्यात शिरू नका, रस्त्याच्या कडेला भागतं. सकाळी जा. मेमध्ये दुपारी पत्र्याला हात लावला तर फोड येईल.

वापरताना: पाच-दहा वॉटवरच ट्यून करा. मोटर फिरत असताना फुल पॉवर देऊ नका, कॉइलवर घासणाऱ्या पट्ट्यांवर ठिणगी पडते. ट्रान्समिटच्या वेळी पोरंबाळं अँटेनाजवळ नकोत, वरच्या टोकाला हजारो व्होल्ट असतात. कॉइलला ग्रीस नको, आपल्याकडच्या धुळीचा त्यात चिखल होतो. कोरड्या फडक्याने पुसा. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीच्या मागे-बाजूला चिकटून गाडी नेऊ नका, लोंबणारा ऊस व्हिप (अँटेनाची वरची लवचिक काडी) ओढतो. परवान्याची प्रत गाडीत ठेवा. पार्किंगच्या छताआधी व्हिप उतरवा. चालू गाडीत बटणं दाबू नका, हे सांगायला नको.

आणि बीड्सवर केबल टाय मारा. खड्ड्यांत ती उघडतात, आणि उघडलेलं बीड म्हणजे चोक नसल्यासारखंच.