दात पांढरे करायचे तर किती दिवस, किती तास

"लग्न आठ दिवसांवर आलंय मॅडम, तेवढ्यात दात पांढरे हुतील न्हवं?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये लग्नसराईत हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं: हळदीच्या आधी निदान सहा आठवडे या.

घरी करायच्या ब्लीचिंगसाठी मी 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल आणि दातांच्या मापाचा ट्रे, म्हणजे दातांवर बसणारा साचा, देते. 1989 साली हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी रात्री ट्रे घालून झोपायची पद्धत मांडली, ती याच जेलवर. पिवळटपणा वयाचा किंवा चहाचा असेल तर सुमारे दोन आठवड्यांच्या रात्री पुरतात. तंबाखूचे डाग मुरलेले असतील तर एक ते तीन महिने धरा. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी करडे पडलेले दात दोन ते सहा महिने घेतात. मशेरीचा वरचा थर मात्र आधी स्केलिंगनं, म्हणजे दवाखान्यातल्या सफाईनं, काढून घ्यायचा, नाहीतर जेल त्या थरावरच वाया जातं.

आता तासांचं. ट्रेमधल्या जेलची निम्म्याहून जास्त ताकद दोन तासांनंतरही शिल्लक असते आणि दहा तासांनंतर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून रात्रभर ठेवणं फायद्याचं. पण ज्यांचे दात थंड पाण्यानंही ठणकतात, त्यांना मी संध्याकाळी दोनच तास सांगते. दिवस वाढतात, पण शेवटी रंग तेवढाच उजळतो. जास्त टक्क्यांचं जेलही असंच: सुरुवातीला झपाट्यानं उजळतं, शेवटी फरक फारसा राहत नाही. ठणका मात्र जास्त.

मागच्या वर्षी कागलहून एक मुलगा आला होता. ऑनलाइन मागवलेलं कडक जेल त्यानं सकाळ-संध्याकाळ लावलं होतं, लवकर व्हावं म्हणून. समोरच्या दातांच्या कडेनं हिरडी कागदासारखी पांढरी पडली होती, आणि तोंड उघडून श्वास घेतला तरी कळ जात होती. जेल बंद केल्यावर हिरडी काही दिवसांत पूर्ववत झाली, दातही शांत झाले. त्या पोराचे डोळे पाणावलेले पाहून मला वाईट वाटलं. आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

म्हणून नीट सांगते. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या भिंतीला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, बस्स. ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेलं जेल बोटानं किंवा मऊ ब्रशनं लगेच पुसा. शिणशिण सुरू झाली तर एक रात्र सोडा, मग एकाआड एक रात्र करा. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट त्याच ट्रेमध्ये भरून जेलच्या आधी 10 ते 30 मिनिटं ठेवली की बराच आराम पडतो. हा ठणका बहुतेकांना पहिल्या काही दिवसांतच होतो आणि थांबल्यावर जातो. एकाच दातात ठणका राहिला तर ती कीड किंवा चीर असू शकते, दाखवून घ्या.

त्या दिवसांत तांबडा रस्सा, कडक चहा जरा बाजूला ठेवा. पांढऱ्या रश्शाला माझी ना नाही.

सुळे मुळातच जास्त पिवळे असतात आणि इतरांपेक्षा उशिरा उजळतात, म्हणून आठव्या दिवशी आरशात पाहून घाबरू नका. कॅप आणि सिमेंट भरलेला भाग अजिबात बदलत नाही. गरोदर बायकांना आणि अठराच्या आतल्या मुलांना मी हे करत नाही.

सहा आठवडे का, तर दोन आठवडे तपासणी, सफाई आणि ट्रेच्या मापात जातात, दोन ब्लीचिंगला. शेवटचे दोन रंग स्थिरावायला लागतात, कारण थांबल्यावर तो थोडा मागे येतो. समोरच्या दातातलं जुनं सिमेंट बदलायचं असेल तर ते त्यानंतरच. आधी केलं तर ते नीट चिकटत नाही आणि रंगही जुळत नाही.