ऑनलाइन लिहिताना परदेशी कायदा आडवा येतो तेव्हा या चुका टाळा

लिंक एकच असते. एका देशात लेख पूर्ण उघडतो, दुसऱ्या देशात त्याच जागी ‘कायदेशीर कारणामुळे उपलब्ध नाही’ एवढीच ओळ दिसते. वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या लेखकांचं लेखन ऑनलाइन प्रसिद्ध करण्याचं काम मी करते. ही ओळ दिसली की लेखकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पण मला नक्की कुठल्या देशाचा कायदा लागू होतो?’ घोटाळा या प्रश्नापासूनच सुरू होतो. एकाच मजकुराला एकाच वेळी चार देशांचे कायदे लागू होऊ शकतात. शोधायचं असतं ते हे, की त्यातल्या कोणत्या देशाचा हात कुठवर पोचतो: लेखकापर्यंत, त्याच्या पैशापर्यंत, प्लॅटफॉर्मच्या तिथल्या कार्यालयापर्यंत, की त्याच्या घरच्यांपर्यंत.

‘सर्व्हर तिकडे आहे, मग मला काय होणार?’

ही सर्वांत जुनी समजूत, आणि सर्वांत महागात पडणारीही. २००० साली पॅरिसच्या न्यायालयात याहू या अमेरिकी इंटरनेट कंपनीचा बचाव याच वळणाचा होता. तिच्या अमेरिकी लिलाव-पानांवर नाझी काळातल्या वस्तू विकायला होत्या, आणि फ्रान्समध्ये अशा वस्तूंचं प्रदर्शन हा गुन्हा आहे. सेवा अमेरिकेतली आहे, आणि फ्रान्समधल्या लोकांना वेगळं काढून अडवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाने तीन तज्ज्ञ नेमले. इंटरनेटच्या जडणघडणीतलं मोठं नाव असलेले व्हिंट सर्फ त्यांत होते. आयपी पत्त्यावरून (इंटरनेटला जोडलेल्या यंत्राच्या क्रमांकावरून) फ्रान्समधले सुमारे ७० टक्के वापरकर्ते ओळखता येतील आणि राष्ट्रीयत्व विचारलं तर प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाईल, असा अंदाज त्यांनी दिला. २० नोव्हेंबरला आदेश झाला: तीन महिन्यांत त्यांना अडवा, नाहीतर दिवसाला १ लाख फ्रँक दंड. जानेवारी २००१ मध्ये याहूने त्या वस्तूंची विक्री सगळ्यांसाठीच बंद केली. या निर्णयाचा निकालाशी संबंध नाही, असं कंपनी सांगत राहिली. पुढे अमेरिकेतल्या एका न्यायालयाने फ्रेंच आदेश तिथे बजावता येणार नाही असं म्हटलं, पण २००६ मध्ये अपिलात तो निकाल टिकला नाही.

देशागणिक मजकूर अडवणं आज रोजचं झालं आहे. ते करता येतं, हे त्या ७० टक्क्यांनी कोर्टासमोर मांडलं.

डिसेंबर २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने डाऊ जोन्स या अमेरिकी प्रकाशन कंपनीविरुद्धच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. मजकूर अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सर्व्हरवर होता आणि फिर्यादी व्हिक्टोरिया राज्यात राहणारा होता. लेख जिथे उघडून वाचला तिथे अब्रूनुकसानी झाली, म्हणून खटला व्हिक्टोरियात चालेल, असं कोर्टाने ठरवलं. सर्व्हरच्या पत्त्याला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही. मजकूर जबरदस्तीने उतरवणं कोणाला सोपं जाईल, हे त्यावरून कळतं. पण तेवढंच.

‘माझ्या देशात हा गुन्हा नाही’

हे खरं असलं तरी विमानतळापर्यंतच उपयोगी पडतं. थायलंडमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकी नागरिकाने अमेरिकेतल्या कोलोरॅडोत राहत असताना थायलंडच्या राजाच्या, तिथे बंदी घातलेल्या चरित्रातला काही भाग थाई भाषेत आणून इंटरनेटवर ठेवला. अमेरिकेत यात काहीही बेकायदा नव्हतं. वर्षं गेली, तो थायलंडला गेला आणि मे २०११ मध्ये त्याला अटक झाली. गुन्हा कबूल केल्यामुळे पाच वर्षांची शिक्षा अडीच वर्षांवर आली आणि जुलै २०१२ मध्ये राजाच्या माफीने तो सुटला. राजाच्या अपमानाबद्दलच्या थायलंडच्या दंडसंहितेतल्या ११२व्या कलमात प्रत्येक आरोपामागे ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे.

म्हणून तिकीट काढण्याआधी आपलं जुनं लेखन त्या देशाच्या नजरेने एकदा वाचून काढा. विमान बदलण्यासाठी जिथे थांबणार आहात तो देशही यात धरा. शंका वाटली तर तिथल्या कायद्याच्या वकिलाला विचारा. आपल्या ओळखीच्या इथल्या वकिलाचं मत अशा वेळी पुरत नाही.

अमेरिकी प्लॅटफॉर्मवर लिहिलं की अमेरिकी राज्यघटनेचं कवच मिळतं, हाही असाच गैरसमज. अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणारी त्या घटनेची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खाजगी कंपनीचे नाही. २०१० चा ‘स्पीच ॲक्ट’ परदेशी अब्रूनुकसानीचे निकाल अमेरिकेत बजावण्यापासून बऱ्याच अंशी वाचवतो. पण तुमचं बँक खातं लंडनला असेल तर तो तिथे मदतीला येत नाही.

नोटीस न वाचताच धावपळ

पोस्ट गायब झाली की लोक रागाने तीच पोस्ट दुसऱ्या खात्यावरून टाकतात, किंवा घाबरून सगळं पुसून टाकतात. पहिल्याने खातं जातं, दुसऱ्याने पुरावा. आधी आलेला मेल शांतपणे वाचा आणि एकच शब्द शोधा: ‘धोरण’ की ‘कायदा’? कंपनीच्या नियमांखाली काढलेला मजकूर बहुतेक वेळा सगळीकडून जातो आणि अपील कंपनीकडेच करायचं असतं. कायद्याच्या मागणीवरून अडवलेला मजकूर बहुधा त्या एका देशापुरता झाकला जातो. मग बघा की मागणी कोर्टाची आहे, सरकारी खात्याची की एखाद्या खाजगी व्यक्तीच्या वकिलाची. वकिलाचं पत्र आणि कोर्टाचा आदेश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या अनुभवात निम्मी घबराट हा फरक न कळल्यामुळे होते.

मेल मूळ स्वरूपात जपा, पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. पानावर ४५१ हा आकडा दिसला तर ते ४०४ सारखं हरवलेलं पान नाही. कायदेशीर मागणीमुळे अडवलेल्या पानासाठी २०१६ मध्ये प्रमाणित झालेला तो क्रमांक आहे, आणि मागणी कोणाची हे पानावर सांगावं अशी त्यात अपेक्षा आहे. युरोपीय संघात असाल तर तिथल्या डिजिटल सेवा कायद्याने प्लॅटफॉर्मला कारणांचं निवेदन द्यावं लागतं आणि आतल्या तक्रारीसाठी किमान सहा महिने मिळतात. ही मुदत पुष्कळ जण निव्वळ हताश होऊन घालवतात.

जगभरातून काढण्याची मागणी

ही चूक दुसऱ्या बाजूची, म्हणजे ज्यांना मजकूर उतरवायचा आहे त्यांची. २०१७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गूगलला काही पानं जगभरच्या शोधातून काढायला लावली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने तो आदेश अमेरिकेत रोखला. २४ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटलं, विस्मरणाच्या हक्कासाठी (स्वतःबद्दलचे दुवे शोधातून काढून घेण्याच्या हक्कासाठी) जगभरातून दुवे काढण्याची सक्ती संघाचा कायदा करत नाही. नऊच दिवसांनी त्याच न्यायालयाने फेसबुकच्या प्रकरणात सांगितलं, राष्ट्रीय न्यायालयाला जगभर लागू होणारा आदेश द्यायला संघाच्या कायद्याची आडकाठी नाही.

कोणाचे खाजगी, लैंगिक फोटो संमतीशिवाय फिरत असतील तर ते जगभरातून गेलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण टीका, बातमी, राजकीय मत यांसाठी जागतिक आदेश मागणं मला धोक्याचं वाटतं. आज तुमच्या देशाने ते मिळवलं, तर उद्या जिथे राजावर टीका हा गुन्हा आहे तो देशही तेच मागेल. मागणी आपल्या देशापुरती ठेवा. ती टिकण्याची शक्यताही जास्त असते.

फक्त स्वतःचा हिशेब करणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका लेखाचा अनुवाद छापताना अनुवादिकेचं नाव दिलं. लेखक दूर, सुरक्षित देशात होता. तिचे आईवडील मात्र त्याच देशात राहत होते ज्याच्यावर लेख होता, आणि हे मी विचारलंच नव्हतं. तिचा फोन आल्यावर दहा मिनिटांत नाव काढलं. पण शोधयंत्राच्या निकालात ते पुढे काही दिवस दिसत राहिलं, आणि लोकांनी घेतलेले स्क्रीनशॉट माझ्या हातात नव्हतेच. ‘तिकडे पान उघडतंय का बघ ना’ असं तिथल्या ओळखीच्या माणसाला सहज सांगणंही तसंच. काही देशांत व्हीपीएन (आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणारी सेवा) वापरल्याबद्दलही माणूस अडचणीत येतो.

आता छापण्याआधी मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारते: लेखकाला, अनुवादकाला, छायाचित्रकाराला, ज्याचं म्हणणं लेखात आहे त्यालाही. नाव द्यायचं का? घरचे कुठे असतात? पुढच्या वर्षी कुठे जायचं आहे? उत्तर यायला दोन दिवस लागले तर लेख दोन दिवस थांबतो.