‘व्हील ऑफ टाइम’ सुरू करायचीय? मग लोकांची मतं अशी वाचा

चौदा जाडजूड पुस्तकं, वर एक प्रीक्वेल, सगळं मिळून चव्वेचाळीस लाखांच्या आसपास शब्द. एवढं मोठं काही हातात घ्यायच्या आधी माणूस चार जणांना विचारणारच, आणि रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या फँटसी कादंबऱ्यांच्या सिरीजबद्दल विचारलं की डोकं भणभणतं, कारण एक म्हणतो याच्या तोडीचं फँटसीत काही नाही, दुसरा म्हणतो आठव्या पुस्तकात सोडून दिली, तिसरा म्हणतो पहिलं पुस्तक म्हणजे सरळ ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनची कॉपी, आणि तिघंही खरं तेच सांगत असतात. मला ही सिरीज मनापासून आवडते हे आधीच सांगून टाकतो, पण कुणी अर्धवट ऐकलेल्या मतावरून ती सोडली किंवा नुसत्या कौतुकावरून भलत्या अपेक्षेने घेतली की जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी बघायचं ते मत कधीचं आहे. यानेच निम्मा गोंधळ मिटतो. पहिलं पुस्तक १९९० चं, त्याच वर्षी दुसरंही आलं, आणि १९९४ पर्यंत सहा पुस्तकं झाली, म्हणजे वाचकांना जवळजवळ दरवर्षी एक अशी सवय लागली. मग वेग पडला. सातवं १९९६, आठवं १९९८, नववं २००० आणि दहावं थेट २००३ मध्ये. आता नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते (काय ते सांगत नाही), लोक दोन वर्षांहून जास्त थांबले की पुढे काय, आणि दहावं ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ उघडलं तर त्याचा बराच मोठा भाग त्याच घटनेच्या वेळी बाकीची पात्रं कुठे होती आणि त्यांना लांबून काय जाणवलं याच्यातच जातो, गोष्ट जागची हलत नाही. त्या वेळच्या माणसाने तेव्हा चिडून लिहिलेलं एक स्टारचं मत अगदी रास्त आहे. पण तुम्हाला थांबायचं नाहीये, तुम्ही नववं ठेवून त्याच रात्री दहावं उचलणार, मग तीच पानं कंटाळवाणी असली तरी चार-आठ दिवसांत मागे पडतात आणि अकरावं ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’ पुन्हा सुसाट सुटतं. सात-आठपासून दहापर्यंतच्या या पट्ट्याला फॅन लोक ‘स्लॉग’, म्हणजे रखडत ओढायचा भाग, म्हणतात. तो आहेच, नाही म्हणण्यात अर्थ नाही, पण आज सलग वाचणाऱ्याला तो बराच कमी लागतो. दहाव्यात अगदीच अडकलात तर ऑडिओबुक लावा, मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या दोघांनी सगळी सिरीज वाचलीय, आणि रटाळ प्रकरणं कामं करता करता ऐकून होतात.

दुसरं, मत देणारा कुठल्या पुस्तकापर्यंत पोचला होता ते विचारा. नुसतं पहिलं वाचून ‘टोल्किनची कॉपी’ म्हणणाऱ्याचं चुकत नाही, गावाकडची साधी पोरं, त्यांना न्यायला आलेली गूढ बाई, मागे लागलेले काळे स्वार, हे सगळं ओळखीचंच वाटतं, आणि सुरुवातीची प्रकरणं आपण मुद्दाम त्या धाटणीची ठेवली असं जॉर्डननेच सांगितलेलं आहे. पण सिरीजची खरी ताकद दिसते ती चौथ्यात, ‘द शॅडो रायझिंग’मध्ये. रुइडिअन नावाच्या शहरात सिरीजचा नायक रँड काचेच्या खांबांच्या जंगलातून चालत जातो आणि दर काही पावलांनी तो आपल्याच एका पूर्वजाच्या डोळ्यांनी बघायला लागतो, पण उलट्या क्रमाने, आधी बापजाद्यांचा काळ, मग त्याच्याही मागचा, मग त्याच्याही मागचा. आज एक अख्खी जमात ज्या गोष्टींचा अभिमान धरून जगतेय त्यांची सुरुवात कशी झाली हे वाचकाला शेवटाकडून आरंभाकडे कळत जातं. मी तर म्हणेन अख्ख्या सिरीजमधलं सगळ्यात देखणं काम ते. त्यामुळे माझा साधा हिशोब असा, चौथ्यापर्यंत या, आणि तिथेही काही हललं नाही तर खुशाल सोडा.

मग बायकांच्या पात्रांबद्दलची भांडणं. यातली दोन्ही बाजूंची मतं नीट वाचण्यासारखी आहेत. या जगात जादूच्या शक्तीचा पुरुषांचा अर्धा भाग विटाळलेला आहे, ती शक्ती वापरणारा पुरुष वेडा होतो, म्हणून हजारो वर्षं सत्तेच्या दोऱ्या आइझ सेडाय या बायकांच्या संघटनेकडे आहेत, राजे-राण्या त्यांना बिचकून असतात. १९९० साली एवढ्या संख्येने हुशार, हट्टी, चुकणाऱ्या, राज्य चालवणाऱ्या बायका एपिक फँटसीत शोधून सापडायच्या नाहीत, तेव्हा कौतुक खरं. तक्रारही खरी, कारण नायनीव्ह हे एक मुख्य पात्र सतत वेणी ओढतं, कुणी ना कुणी सतत स्कर्ट सारखा करत असतं, आणि ‘पुरुष असेच’, ‘बायका अशाच’ हे दर प्रकरणात येतं. इथे एक युक्ती उपयोगी पडते, प्रकरण कुणाच्या नजरेतून चाललंय ते सुरुवातीलाच पक्कं करा. जॉर्डन प्रत्येक पात्राला अर्धवटच माहिती देतो आणि ते पात्र त्यावरून ठाम, बहुतेक वेळा चुकीचे निष्कर्ष काढतं, तेव्हा ‘पुरुष असेच’ हे लेखकाचं मत नसून त्या बाईचं असतं आणि पुढच्याच प्रकरणात तो पुरुष बायकांबद्दल तेवढंच ठामपणे चुकत असतो. हे कळलं की मजा येते. वेणीची पुनरुक्ती मात्र पुनरुक्तीच, तिथे टीका करणारे बरोबर आहेत.

लेखकाबद्दल थोडं माहीत असलं की वाचन बदलतं. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर, गाव चार्ल्सटन, साउथ कॅरोलायना. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर गनर होता, नंतर फिजिक्स शिकून अमेरिकन नेव्हीसाठी न्यूक्लिअर इंजिनिअर. त्यानेच सांगितलंय की व्हिएतनाममध्ये त्याला दोन टोपणनावं होती, एक चक्क गणेश, आपला विघ्नहर्ता, आणि दुसरं आइसमन, जे त्याला आवडायचं नाही. हे वाचल्यावर रँडकडे बघा, युद्धात मन दगड करत जाणारा पोरगा, आणि ‘नायक फार कोरडा झालाय’ ही तक्रार वेगळीच ऐकू येते. युगं फिरून येतात, माणसं पुन्हा जन्मतात ही सिरीजमागची कल्पना तर आपल्याला समजावून सांगावी लागतच नाही.

शेवटच्या तीन पुस्तकांवरची मतं वेगळी काढून ठेवा. जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ ला गेला, हृदयाच्या अमायलॉइडोसिस या आजाराने, वय ५८, सिरीज अपुरी. बायको हॅरिएट मॅकडुगल हीच त्याची एडिटर, तिने ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकाला निवडलं, आणि जॉर्डनच्या नोट्स, सांगून ठेवलेले सीन्स, त्याने स्वतः लिहून ठेवलेला शेवट यावरून एका पुस्तकाची तीन पुस्तकं झाली, २००९, २०१० आणि २०१३ ची. वेग वाढला यावर बहुतेकांचं एकमत, भाषा जास्त आजची वाटते हेही खरं. सगळ्यात जास्त ओरड रँडचा मित्र मॅट याच्याबद्दल, की बाराव्यात त्याचे विनोद मॅटचे वाटतच नाहीत, आणि सँडरसननेही तो आधी नीट जमला नाही हे मान्य केलंय. म्हणून बाराव्यात मॅट खटकला तर तिथे थांबू नका, पुढे सावरतो.

ऍमेझॉनच्या सिरीजवरची मतं तर यात धरूच नका. ती २०२१ मध्ये आली, तीन सीझननंतर २०२५ मध्ये बंद झाली, आणि पहिल्याच एपिसोडमध्ये रँडचा दुसरा मित्र पेरिन याला बायको दिलीय, पुस्तकात त्या वेळी त्याचं लग्नच झालेलं नाही, त्यामुळे शो बघून दिलेलं मत हे शोचं मत.

स्पॉयलरचं सांभाळा. पात्राचं नाव सर्च केलं की त्याचं लग्न, मरण सगळं समोर येतं, म्हणून नाव विसरलात तर हातातल्या पुस्तकाच्या मागची शब्दसूची बघा, पुढच्या पुस्तकाची नाही.

आणि ‘न्यू स्प्रिंग’, तो प्रीक्वेल, गोष्टीच्या काळाने पहिला म्हणून बरेच जण पहिला वाचायला सांगतात. ऐकू नका. त्यात मोरेन (पोरांना न्यायला येणारी तीच गूढ बाई) आणि तिचा अंगरक्षक लॅन यांची गाठ कशी पडली ते आहे, आणि पहिल्या पुस्तकात मोरेन गावात येते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आपल्याला कळत नसतं, त्यावर ते पुस्तक उभं आहे. पुस्तकरूपात तो २००४ ला, दहाव्यानंतर आला, तिथेच वाचा, स्लॉग नुकताच संपलेला असतो आणि हे एक छोटं, झटपट पुस्तक हातात येतं.