हळदीची काढणी, खळे आणि निर्यातीचे निकष: हिंगोली, नांदेड व परभणी जिल्ह्यांतील उत्पादकांसाठी सल्ला

पूर्णा आणि ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पांच्या कालव्यांवर वसमत, औंढा, कळमनुरी, अर्धापूर आणि हदगाव भागांत उभी असलेली हळद आता पिवळी पडू लागली असून, जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश यांचा हंगाम चालणार आहे. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यात पिकांचे आणि जमिनीचे मोठे नुकसान केले. ज्या वावरात पाणी साचून राहिले, तेथे कंदकुजीचा प्रादुर्भाव काढणीच्या वेळी दिसून येईल. हातात येणारा माल कमी असेल तर त्याच्या प्रत्येक क्विंटलला चांगला दर मिळणे अधिक गरजेचे आहे, आणि त्यासाठी या तीन महिन्यांत करावयाच्या कामांकडे निर्यातीच्या नियमांच्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.

निर्यात धोरण म्हटले की आपल्याकडे प्रथम कांदा आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली. ती ४ मे २०२४ रोजी खुली झाली तेव्हा टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णपणे रद्द झाले. या काळात बीड, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील कांदा उत्पादकाने स्वतः कितीही चांगला माल पिकवला असता, तरी दिल्लीतील निर्णयापुढे त्याचा इलाज नव्हता. हळदीची स्थिती वेगळी आहे. हळदीला हमीभाव नाही, त्यामुळे दर कोसळला तर सरकारी खरेदीचा आधारही नाही. मात्र कांद्यासारखी निर्यातबंदीही तिच्या वाट्याला आलेली नाही. हळदीचा माल अडतो तो प्रयोगशाळेत, आणि तेथे जे सापडते त्यातील बरेचसे आपल्या शेतात, खळ्यावर किंवा साठवणीच्या खोलीत मालात शिरलेले असते. म्हणजे या पिकात निर्यातीचे दार उघडे ठेवण्याचा मोठा भाग उत्पादकाच्या हातात आहे, आणि या सल्ल्यात त्यावरच भर दिला आहे.

राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना ४ ऑक्टोबर २०२३ रोजी निघाली आणि मंडळाचे काम १४ जानेवारी २०२५ रोजी तेलंगणातील निजामाबाद येथे सुरू झाले. २०३० पर्यंत हळदीची निर्यात १ अब्ज डॉलरपर्यंत नेण्याची अपेक्षा सरकारने व्यक्त केली आहे. २०२३-२४ मध्ये देशातून १ लाख ६२ हजार टन हळद आणि हळदीचे पदार्थ निर्यात झाले व त्यांचे मूल्य २२ कोटी ६५ लाख डॉलर होते, म्हणजे किलोमागे सरासरी सुमारे १ डॉलर ४० सेंट. ही रक्कम चौपटीहून अधिक वाढवायची असेल तर केवळ पोती वाढवून ते साधणार नाही. किलोमागे मिळणारा दरही वाढावा लागेल. अधिक दर देणारे ग्राहक अमेरिका आणि युरोपात आहेत, आणि त्यांच्या अटीही अधिक कडक आहेत.

काढणीपूर्वी पंधरा ते वीस दिवस पाणी बंद करावे. पाला पूर्ण वाळल्यावर तो जमिनीपासून इंचभर वर कापून बांधावर काढावा व वावर चार-पाच दिवस तापू द्यावे. ट्रॅक्टरच्या यंत्राने काढणी करताना फाळ पुरेसा खोल चालवावा, कारण कापलेल्या गड्ड्याच्या जखमेतून बुरशी शिरते. कुजलेले, मऊ पडलेले किंवा आतून काळपट झालेले गड्डे वावरातच वेगळे करावेत. यंदा हा माल जास्त निघण्याची शक्यता असल्याने तो चांगल्या मालात मिसळून वजन वाढवण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण कुजक्या गड्ड्यांतून बुरशी साऱ्या ढिगात पसरते व शिजवल्यानंतरही असा माल रंगाने उठून दिसतो.

काढलेली हळद दोन-तीन दिवसांत, फार तर चार दिवसांत शिजवावी. बंडा (मधला जाड गड्डा) आणि कांडी (त्याला फुटलेले बारीक फाटे) यांची जाडी वेगळी असल्याने ती वेगवेगळी शिजवावीत. एकत्र शिजवल्यास कांडी जास्त शिजून रंग उतरतो किंवा बंडा आतून कच्चा राहतो. कच्च्या राहिलेल्या हळदीला साठवणीत कीड लवकर लागते. आता बहुतेक गावांत वाफेवर चालणारे कुकर भाड्याने मिळतात, आणि काहिलीत उकळण्यापेक्षा त्यात माल एकसारखा शिजतो. हळदीचा खमंग वास सुटला आणि गड्ड्यात काडी सहज शिरली की शिजवणी झाली असे समजावे. पाणी स्वच्छ वापरावे व रंग खुलावा म्हणून त्यात कोणताही पदार्थ घालू नये.

वाळवणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे खळे शेणाने सारवून त्यावर धान्य आणि हळद पसरण्याची रीत आहे, आणि तिच्यामागे पिढ्यांची श्रद्धा व सोय आहे. परंतु आयात करणारे देश हळदीत साल्मोनेला या जिवाणूची तपासणी करतात, आणि हा जिवाणू जनावरांच्या व पक्ष्यांच्या विष्ठेतून येतो. शिजवताना तो मरतो हे खरे. पण शिजवलेली ओली हळद पुन्हा शेणाच्या सारवणावर पसरली, तिच्यावर कोंबड्या आणि कुत्री फिरली, की शिजवणीचा तो लाभ हातचा जातो. म्हणून हळद सिमेंटच्या ओट्यावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर वाळवावी आणि भोवती जाळी किंवा साडीचे का होईना, कुंपण करावे. डांबरी रस्त्याच्या कडेला वाळवणेही थांबवावे. तेथे गाड्यांचा धूर, टायरची धूळ आणि डांबराचे कण थेट मालावर बसतात.

थर दोन ते तीन इंचांचा ठेवावा. फार पातळ पसरल्यास उन्हाने रंग फिका पडतो आणि फार जाड ठेवल्यास खालचा माल दमट राहतो. रात्री ढीग करून झाकावा. ऊन चांगले असेल तर दहा ते पंधरा दिवसांत हळद वाळते. मात्र मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पावसाचा भरवसा नसतो, आणि २०१४ च्या याच दिवसांतील गारपीट अनेकांना आजही आठवत असेल. त्यामुळे हवामान विभागाचा आणि परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा अंदाज पाहूनच शिजवणीचा दिवस ठरवावा आणि जितका माल एका रात्रीत झाकता येईल तितकाच खळ्यावर ठेवावा. अर्धवट वाळलेला माल भिजला की त्यावर बुरशी वाढते आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते नंतर पुन्हा वाळवल्याने किंवा पॉलिश केल्याने जात नाही. युरोपीय संघात हळदीसाठी अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम आहे. भिजलेला माल वेगळा ठेवावा, वेगळा विकावा आणि व्यापाऱ्यास तसे सांगावे. कांडी मोडल्यावर कडक तुटली आणि खणकन आवाज आला की ती वाळली असे आपण मानतो. त्याच्या जोडीला गटाने एक ओलावामापक घेतल्यास १० टक्क्यांपर्यंत ओलावा उतरला की नाही, हे नक्की कळेल.

पॉलिश करताना ड्रममध्ये वरचा खरबरीतपणा निघून चकाकी येते, तेवढी पुरे. पिवळा रंग चढवण्यासाठी बाजारातील कोणतीही पूड वापरू नये. लेड क्रोमेट या पिवळ्या रंगात शिसे असते, ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे, आणि आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही हळदीत ते अजिबात चालत नाही. युरोपात मुळे व कंदवर्गीय मसाल्यांतील शिशाची मर्यादा किलोमागे १.५ मिलिग्रॅम आहे. आपल्याच घरात मुलांच्या दुधात जाणाऱ्या वस्तूबद्दल हे सांगण्याची गरज पडू नये. पण चकाकीसाठी दर जास्त देणारा ग्राहक समोर असतो तेव्हा चुका होतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आता औषधांच्या अवशेषांचा प्रश्न. कंदमाशी, हुमणी आणि पानांवरील रोग यांसाठी विद्यापीठ शिफारशी देते, आणि त्यांच्याखाली बहुधा एक सूचना असते की हळद पिकावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचे लेबल क्लेम (म्हणजे त्या पिकावर ते औषध वापरण्याची अधिकृत मान्यता) नसल्याने संशोधनाचे निष्कर्ष दिले आहेत. ही सूचना आपण वाचून सोडून देतो. निर्यातीसाठी मात्र तीच महत्त्वाची आहे. लेबल क्लेम नाही म्हणजे त्या औषधासाठी या पिकावर अवशेषांची वेगळी मर्यादा ठरलेली असण्याची शक्यता कमी, आणि जेथे वेगळी मर्यादा नाही तेथे युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम. शिवाय ओली हळद वाळून वजनाने पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. पाणी उडते, पण औषधाचा अंश बऱ्याच प्रमाणात मागे राहतो. हुमणीसाठी आळवणीत (औषधाचे पाणी मुळाशी ओतताना) सर्रास वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस युरोपीय संघाने २०२० पासून तिकडे बंद केले आहे. शेतकऱ्याने कीड सोसावी असे येथे सुचवायचे नाही. शासनाने हळदीसाठी लेबल क्लेमची संख्या वाढवावी, ही उत्पादक कंपन्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरण्याजोगी मागणी आहे, कारण कायदेशीर पर्याय न देता अवशेषमुक्त मालाची अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही. तोपर्यंत प्रत्येक फवारणी व आळवणीचे औषध, प्रमाण आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि निर्यातदाराशी बोलणी करण्यापूर्वी गटाच्या मालाचा एक एकत्रित नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तपासणीचा खर्च दहा-वीस जणांत वाटला तर जड जात नाही.

साठवणीत पोत्यांवर कीटकनाशक भुकटी टाकण्याची सवय सोडावी. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातील खोलीत ठेवणे जिवावर बेतते आणि धुरीकरण प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावयाचे असते. कोरडी खोली, नवी किंवा धुतलेली पोती, खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर एवढ्याने चांगली वाळलेली हळद टिकते. रिकाम्या खताच्या गोण्या कदापि वापरू नयेत.

काढणीनंतर हिंगोली, वसमत आणि नांदेडच्या बाजारांत एकाच वेळी आवक वाढते आणि देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे माल लगेच विकावा लागतो. अशा वेळी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना उपयोगी आहे. तिच्यात हळदीचा समावेश असून मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपली बाजार समिती ती राबवते का, याची चौकशी माल तयार होण्यापूर्वीच करावी, कारण गोदामातील जागा लवकर भरते. शिजवणीचे कुकर आणि पॉलिश यंत्रांसाठी मसाला मंडळाच्या योजनांची माहिती उत्पादक कंपन्यांनी घ्यावी. हळद पूड करून विकू इच्छिणाऱ्यांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान आहे.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक पोत्यावर ते नाव आपोआप लागत नाही. त्या क्षेत्रातील उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि ही नोंदणी दहा वर्षे टिकते. आपल्या गावाचा नोंदलेल्या क्षेत्रात समावेश आहे का, हे पाहून वसमतचे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र किंवा तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या मदतीने गावातील सर्वांचे अर्ज एकत्र भरावेत. अर्जाच्या वेळी पिकाचा पुरावा लागतो, म्हणून सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत हळदीची नोंद झाली आहे का, हे आजच तपासावे.

बेण्यासाठी गड्डे निवडण्याचे काम मात्र शिजवणीच्या घाईत मागे पडू देऊ नये. कंदकूज न दिसलेल्या वावरातील, पन्नास ग्रॅम किंवा त्याहून जड, निरोगी जेठे (खोडाखालचे मुख्य) गड्डे काढणीच्या दिवशीच बाजूला काढावेत, झाडाच्या किंवा शेडच्या सावलीत ढीग करून हळदीच्या वाळलेल्या पाल्याने झाकावेत आणि लागवडीपर्यंत पंधरवड्यातून एकदा ढीग उलगडून कुजलेले गड्डे वेचून टाकावेत. ज्या वावरात यंदा पाणी साचले व कंद कुजले, तेथील बेणे स्वतःही लावू नये आणि शेजाऱ्यालाही देऊ नये.