घरी मॉर्फिन सुरू झाल्यावर

कर्करोग पसरलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन या प्रभावी वेदनाशामकाच्या गोळ्या लिहून दिल्या, की घरात हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे आता काहीच उरले नाही का?’ या औषधाचा संबंध वेदनेच्या तीव्रतेशी असतो, उरलेल्या दिवसांशी नसतो. त्यामुळे ते ‘अगदीच सहन होईना तेव्हा’ म्हणून राखून ठेवू नये. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून कळ येण्याची वाट न पाहता ती घड्याळाप्रमाणे द्यावी. मध्येच कळ उठल्यास जादा मात्रा किती द्यायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि ती दिल्याची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपावी, कारण पुढची मात्रा त्या नोंदींवरूनच ठरते.

रुग्णाला नुसते ‘दुखतंय का?’ असे विचारून भागत नाही. सून रात्रभर जागली आहे हे ज्याला दिसते, तो ‘बरंय’ असेच म्हणणार. कूस बदलताना कपाळावर आठी पडते का, मूठ चादरीवर आवळते का, हे पाहावे.

सुरुवातीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते; बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. लिहून दिलेले नसल्यास मागून घ्यावे. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कुटून देऊ नये. हाक मारूनही रुग्ण जागा होत नसेल किंवा श्वास फार मंदावला असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना फोन करावा आणि त्यांच्याशी बोलल्याखेरीज पुढची मात्रा देऊ नये.

२०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळेल असे धरून चालू नये. आठवड्याभराचा साठा उरला की पुढची चिठ्ठी घ्यावी, आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात.

घरच्यांची दमछाक हेही रुग्णाला काही दिवस दाखल करण्याचे रास्त कारण आहे, असे माझे मत आहे. कर्करोगाच्या अशा रुग्णांना दाखल करून घेणारे मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देत आहे.

अखेरच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. ‘दोन घास तरी खा’ हा आग्रह तेव्हा सोडावा, कारण गिळता न येणारा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याऐवजी ओल्या, मऊ कापडाने तोंड आतून हलकेच पुसून ओठांना थोडे तूप लावावे.