बर्फाची बादली, पेल्टिए, नायट्रोजन: पीसी गार करताना या चुका टाळा

माझा पहिला मदरबोर्ड गेला तो भर जुलैत, डोंबिवलीत. वॉटरकूलिंगच्या नळ्या रेडिएटरऐवजी बर्फाच्या बादलीत सोडल्या होत्या. प्रोसेसर ३८ अंश दाखवत होता, मी खूश. वीस मिनिटांनी स्क्रीन काळी. साइड पॅनल काढलं तर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या मागे थेंब लोंबत होते आणि एक ओघळ ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटपर्यंत पोचला होता.

चूक झाली ती आकडा बघण्यात. ३८ अंश हे चिपच्या आतलं तापमान. प्रोसेसरवर बसणारा, पाणी खेळवणारा धातूचा ब्लॉक आणि नळ्या त्याहून कितीतरी गार असतात. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २६ वर येतो. त्याच्या खाली जे जाईल त्याला घाम फुटणार. एसीच्या खोलीत, २४ अंश आणि ५० टक्क्यांना, दवबिंदू १३ च्या आसपास असतो. म्हणून बर्फ आणण्याआधी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, आणा.

इन्सुलेशन करताना बहुतेक जण बोर्डाची पुढची बाजू सजवतात आणि मागची विसरतात. सॉकेटभोवती व्हॅसलिन किंवा मळता येणारं खोडरबर दाबून भरा, वर निओप्रीन फोम, आणि तेच मागच्या बाजूलाही. फट ठेवू नका. अडकलेल्या हवेतलं बाष्पही तिथंच पाणी होतं.

पीसी फ्रिजमध्ये ठेवायची आयडिया दरवर्षी कुणाला तरी सुचतेच. सोडून द्या. फ्रिजचा कॉम्प्रेसर झिरपत येणारी उष्णता काढायला असतो. आत ३०० वॉटची शेगडी पेटवलीत तर तो थांबणारच नाही.

पेल्टिए म्हणजे वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती. तिचा हिशेब लोक अर्धाच करतात. प्रोसेसरचे १०० वॉट आणि पेल्टिए स्वतः खातो ते १५० वॉट, असे २५० वॉट गरम बाजूने बाहेर काढावे लागतात. छोटा कूलर लावलात तर प्रोसेसर उलट तापतो.

काही जण प्रोसेसर गार करायला थेट द्रव नायट्रोजन वापरतात. तो उणे १९६ अंशांना उकळतो. गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या कंटेनरमध्ये असतो तोच हा. एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, त्यामुळे बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडतो आणि नाकाला काही कळत नाही. खिडक्या उघड्याच हव्यात. झाकण घट्ट बसणारा थर्मास नको, तो फुटतो. सुती हातमोजेही नकोत. सांडलं की भिजून कातडीला चिकटतात.

आणि खेळ संपल्यावर लगेच उठू नका. बोर्ड बंद केला की गोठलेलं सगळं वितळायला लागतं. प्लग काढा, बोर्डावरचा छोटा सीमॉसचा सेलही काढा (प्लग काढल्यावरही तो वीज देत राहतो), मग रात्रभर टेबलफॅनसमोर ठेवा. त्या जुलैत मी सेल तसाच ठेवला होता. सकाळी त्याच्या शेजारची तांब्याची रेघ हिरवी पडली होती.